छताची डागडुजी : वरची आणि आंतली

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांत ताडकळस नांवाचें गांव आहे. या गांवांतच नव्हे, तर एकंदर मराठवाड्यांत, घराचें छत ही वस्तु जुन्या पिढीला फार जवळून ठाऊक होती. कारण दरसाल तें छत ती स्वतःच्या हातांनीं दुरुस्त करीत असे. लांकडी तुळया, त्यांवर आडवें किलचन, त्यावर काटक्या-पाचोळ्याचा थर आणि सर्वांच्या वर पांढऱ्या मातीची जाड गादी, असें तें माळवद असे. मृग लागण्यापूर्वीं पांढरीची माती आणावी, वर पसरावी, दाबावी, पन्हाळीं मोकळीं करावीं, हा नेम. एवढें करूनहि भर पावसांत एखादी जागा गळूं लागलीच, तर खालीं भांडें ठेवावें, वर चढून जागा हुडकावी आणि चार टोपल्या माती टाकून ती पायानें तुडवावी. किलचनाच्या फटींतून पडणारा थेंब घरांतल्या लहान मुलालाहि दिसे. आणि ज्यानें दुरुस्ती केली त्यालाच रात्रीं त्याखालीं निजावयाचें असे.

हा सर्व प्रकार मागें पडला त्याला कारणें अनेक झालीं. लांकूड महागलें, दरसालच्या श्रमाला माणसें मिळेनात. त्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांतील पुष्कळांवर मृत्यु कोसळला तो मातीच्या जड माळवदांच्या आणि सैल दगडी भिंतींच्या रूपानें. त्या दिवसापासून माळवदाखालीं निजतांना माणसाचें मन साशंक होऊं लागलें. सिमेंट-लोखंडाचा स्लॅब आला. परंतु वैशाखांत हाच स्लॅब तव्यासारखा तापतो, आणि रात्रीं बारा वाजले तरी खालच्या खोलींत ऊब सोडीत राहतो. तेव्हां त्याच्या खालीं वीतभर अंतर सोडून दुसरें एक हलकें छत टांगण्याची रीत शहरांतून खेड्यांत आली. मधल्या पोकळींतील हवेमुळें ऊन थोडें उशिरा खालीं उतरतें, दिवे आंत बसवितां येतात, आणि खोली देखणी दिसते. कारागीर त्याला फॉल सीलिंग म्हणतात. अशा रीतीनें छत दुपदरी झालें. वरचा पदर भार वाहतो, खालचा पदर वरच्याला झांकतो. या झांकण्यांतच पुढील सर्व हकिगतीचें मूळ आहे.

आतां अशा गांवांतील एक घर श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. घराचे धनी सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले. मुलगा परभणीस नोकरीला. घरांत ऐंशी उलटलेल्या आजीबाई. माजघरांत त्यांचा पलंग, आणि पलंगावर पांढरें शुभ्र जिप्समचें छत. श्रावणांत त्या छतावर चहाच्या रंगाचें एक कडें उमटलें. आठ दिवसांत तें ताटाएवढें झालें आणि मधला भाग फुगून खालीं आला. गुत्तेदाराला बोलावणें गेलें. तो गांवचाच, त्याच्या वडिलांनींच या घराच्या भिंती रचलेल्या. रक्कम ठोक ठरली, कागद कांहीं झाला नाहीं. गांवांत ओळखीच्या माणसाकडून कागद मागणें म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखविणें, असाच समज असतो. सोयाबीनचे पैसे नुकतेच हातीं आले होते, त्यांतून काम दोन दिवसांत उरकलें. खराब चौकोन कापून काढला, नवा तुकडा बसविला, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, रंगाचे दोन हात दिले. दसऱ्याला घर झळकलें. पैसे चुकते झाले.

संक्रांतीला त्या चौकोनाच्या तीन बाजूंनीं केसाएवढी भेग दिसूं लागली. होळीपर्यंत तुकडा शेजारच्या पातळीपासून अर्धा बोट खालीं उतरला. आणि त्याच्या कडेनें स्क्रूचीं डोकीं, अंगावर पुरळ उठावें तशीं, एकामागून एक वर आलीं. गुत्तेदाराला विचारलें तेव्हां तो म्हणाला, "मामा, नवं काम हाय. थोडं उलतंच."

पिकलें शेंदाड उलतें, तापलेली काळी रान उलतें. पण छत कां उलावें? या प्रश्नाचें उत्तर मिळवावयाचें तर आधीं तें छत कशाचें बनलेलें असतें तें पाहिलें पाहिजे.

जिप्सम हें एक खनिज होय. भारतांत तें मुख्यत्वें राजस्थानांत, बिकानेर, नागौर, जैसलमेर या बाजूस निघतें. या कोरड्या दगडाच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा पाणी आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. हें पाणी ओलाव्याच्या रूपानें नसतें. दगडाच्या घडणींतच तें गुंतलेलें असतें. सुमारें दीडशें अंशांपर्यंत तापविलें असतां यांतलें तीन चतुर्थांश पाणी उडून जातें आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिसजवळील मोंमार्त्र टेकडींत हा दगड विपुल निघे, म्हणून त्या भुकटीला पॅरिसचें नांव पडलें; आपल्याकडे तिला सर्वजण पीओपी म्हणतात. या भुकटींत पाणी कालविलें कीं गेलेलें पाणी ती परत घेते, आणि पाव घटकेंत पुन्हां दगड होऊन बसते. शाळेंतला खडू याच जातीचा. तो दाबला तर सहसा चुरा होत नाहीं, पण वांकविला कीं तत्काळ तुटतो, हा अनुभव प्रत्येकाच्या बोटांना आहे.

अशा ठिसूळ द्रव्याचें चार फूट रुंदीचें छत टांगावयाचें म्हणजे त्याला कशाची तरी साथ हवी. ही युक्ति अमेरिकेंत निघाली. ऑगस्टीन सॅकेट यानें १८९४ सालीं कागद आणि जिप्सम यांचे थर एकावर एक देऊन केलेल्या तक्त्याचें पेटंट घेतलें. पुढें थर कमी होत होत मध्यें जिप्समचा एक गाभा आणि दोन्ही बाजूंस जाड कागद, एवढाच साधा तक्ता राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत घाईनें घरें उभारण्याची गरज पडली, तेव्हां तिकडच्या ओल्या गिलाव्याला या तक्त्यानें जवळजवळ हद्दपार केलें. आज तेथील सामान्य घरांत भिंतीसुद्धां याच्याच असतात. आपल्याकडे भिंतीला वीट-दगडच मानवला, पण छताला हा तक्ता आला. त्याचा नेहमींचा आकार १२२० मिलिमीटर रुंद, १८३० मिलिमीटर लांब आणि १२.५ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, जाड. त्याच्याकरितां भारतीय मानकहि आहे. त्याचा क्रमांक २०९५.

या तक्त्याचा जोर मधल्या पांढऱ्या गाभ्यांत नसून वरच्या-खालच्या कागदांत असतो, ही गोष्ट घरधन्यानें पक्की ध्यानांत ठेवावी. छताचा तक्ता स्वतःच्या भारानें थोडा खालीं वांकूं पाहतो. वांकतांना त्याची खालची बाजू ताणली जाते. हा ताण गाभा सोसूं शकत नाहीं, तो कागद सोसतो. म्हणून पाणी लागून कागद सुटला, मऊ पडला, कीं त्या तक्त्यांत राम उरला नाहीं असें समजावें. तो पुढें उन्हानें वाळेल, वरून रंगहि नीट बसेल, पण आलेला झोल जात नाहीं आणि गेलेला जोर परत येत नाहीं. तेव्हां ओला तुकडा कापून काढला यांत गुत्तेदाराचें कांहीं चुकलें नाहीं. तें बरोबरच केलें. चूक पुढें झाली.

छताचा सांगाडा पत्र्याच्या पट्ट्यांचा असतो. स्लॅबला बसविलेल्या आंकड्यांपासून लोंबत्या पट्ट्या निघतात. त्यांना मोठे चॅनल साधारण १२२० मिलिमीटरच्या अंतरानें जोडतात. आणि त्यांना आडवे, तक्ता ज्यांवर बसतो ते चॅनल सुमारें ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फुटाच्या अंतरानें असतात. तक्त्याचे स्क्रू सुमारें नऊ इंचांवर एक, असे मारतात. स्क्रूचें डोकें कागदाच्या किंचित् आंत जावें, पण कागद फाटूं नये. फाटला तर तो स्क्रू धरून कांहींच ठेवीत नाहीं. कारण सांगितलेंच आहे.

आतां ठिगळाचा विचार. कापडाला ठिगळ लावतांना शिंपी तें भोंकाएवढेंच कापून भोंकांत बसवीत नाहीं. छतांत मात्र तुकडा भोंकाएवढाच असावा लागतो. म्हणून त्याच्या चारी कडांच्या मागें आधार हवा. कापतांनाच भोंक वाढवून चॅनलच्या मध्यापर्यंत न्यावें, म्हणजे अर्धा चॅनल जुन्या तक्त्याला आणि अर्धा नव्याला मिळतो. जेथें चॅनल लागत नाहीं तेथें नवा तुकडा घालून घ्यावा. या घरांतील ठिगळ दोन बाजूंनीं चॅनलवर होतें आणि दोन बाजूंनीं हवेंत. त्या दोन बाजूंना धरून ठेवणारी वस्तु कोणती? नुसती पुट्टी. पंखा फिरला, वर गच्चीवर कोणी धान्य वाळत घालावयास चाललें, कीं तुकडा इवलासा हले; आणि हालणाऱ्या दोन कडांमधील पुट्टी फुटल्यावांचून कशी राहील?

तशांत ती पुट्टीहि चुकीची. भिंतीची पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते. गिलाव्यावर ती उत्तम काम देते. तक्त्यांच्या सांध्याला निराळें लुकण मिळतें, आणि त्याच्यासोबत कागदाची एक रुंद पट्टी येते. सांध्याचें खरें काम ही पट्टी करते. तक्त्याचा कागद जेथें कापला गेला तेथें त्याची अखंडता मोडली. पट्टी लुकणांत दाबून बसविली म्हणजे इकडचा कागद आणि तिकडचा कागद पुन्हां एक होतात. नुसतें लुकण भरणें म्हणजे मोडलेल्या हाडावर लेप देऊन फळी न बांधण्यासारखें आहे. पट्टीवर लुकणाचे आणखी दोन हात द्यावयाचे, प्रत्येक पहिल्यापेक्षां रुंद, आणि प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच पुढचा. कारखान्यांतून आलेल्या तक्त्याची लांब कड थोडी उतरती केलेली असते, त्यामुळें पट्टी तिच्यांत बेमालूम मुरते. ठिगळाची कड मात्र कापलेली, म्हणून बोथट. तेथें लुकण दोन्ही बाजूंस मिळून हातभर रुंद पसरलें तरच उंचवटा डोळ्यांना कळत नाहीं. हें सर्व करावयास तीन दिवस तरी लागतात, भाद्रपदाच्या दमट हवेंत चार. ज्यानें तें दोन दिवसांत रंगासकट उरकलें, त्यानें काय गाळलें हें न पाहतांहि सांगतां येतें.

परंतु गुत्तेदाराचें "उलतंच" हें म्हणणें सर्वस्वी खोटें होतें असेंहि नाहीं. आणि न्याय करावयाचा तर तेवढें त्याच्या पदरांत घातलें पाहिजे. परभणीच्या बाजूस मे महिन्यांत पारा सहज चाळिशी ओलांडतो, आणि पौषांतील पहाटे तो दहाच्या खालीं येतो. सिमेंटचें काँक्रीट तापलें कीं वाढतें. सहा मीटर लांबीच्या स्लॅबचें तपमान पंचवीस अंशांनीं चढलें, तर त्याची लांबी सुमारें दीड मिलिमीटरनें वाढते, आणि रात्रीं तितकीच घटते. खालीं काळी जमीन. ती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरच्या भिंतीहि वर्षांतून एकदां श्वास घेतल्यासारख्या हलतात. म्हणून छत जेथें भिंतीला भेटतें तेथें बारीक रेघ पडणें हें बहुधा निरुपद्रवी असतें. जाणते कारागीर तेथें मुद्दाम थोडी फट ठेवतात आणि ती कठीण पुट्टीनें भरीत नाहींत. भेग भिंतीच्या कडेला असेल तर ऋतूला बोल लावावा. भेग ठिगळाच्या कडेनें चौकोन काढीत फिरली असेल तर ऋतूचा कांहीं अपराध नाहीं.

येथपर्यंतचा दोष दिसण्यापुरता आहे, असें कोणी म्हणेल. छताला रेघ पडली म्हणून कोणाचें काय बिघडलें? खरी काळजीची गोष्ट पुढेंच आहे. चहाच्या रंगाचें कडें तक्त्यांत उपजलें नव्हतें. पाणी स्लॅबमधून आलें होतें. तें कोठून आलें, अजून येतें कीं थांबलें, हें पाहण्याची उत्तम वेळ म्हणजे छत उघडें होतें ते दोन दिवस. त्या दोन दिवसांत गुत्तेदारानें वर मान करून पाहिलें नाहीं, आणि घरच्यांनाहि शिडीवर बोलाविलें नाहीं. स्लॅबमधील लोखंडी सळीला ओल पोहोंचली कीं ती गंजते. गंजाचें आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असतें. त्या फुगवट्यानें खालचें काँक्रीट सुटून त्याचे पापुद्रे पडतात. उघड्या स्लॅबला असें झालें तर घरधन्याला महिनोन्‌महिने आधीं तांबूस डाग आणि भेगा दिसतात. टांगत्या छतामागें तें दिसत नाहीं. तेथें सुटलेला दोन-चार शेर वजनाचा पापुद्रा अर्ध्या इंचाच्या तक्त्यावर येऊन पडतो. आणि तक्त्याखालीं आजीबाईंचा पलंग आहे.

म्हणून कामाची पारख करतांना प्रथम रंग पाहूं नये. रात्रीं खोलींतले दिवे मालवून बॅटरीचा झोत छताला जवळजवळ टेकवून तिरपा टाकावा. दिवसा जो पृष्ठभाग आरशासारखा वाटतो, त्यावरच्या सर्व लाटा आणि सांधे या झोतांत उभे राहतात. सहा फुटी सरळ पट्टी लावून पाहिली म्हणजे झोल किती तें मोजतां येतें. मग काठीच्या टोंकाला फडकें गुंडाळून ठिगळ हलकेच वर दाबावें. तें घट्ट राहिलें तर ठीक. वर जाऊन परत आलें, किंवा स्क्रूपाशीं 'कट्' असा आवाज झाला, तर तेथें आधार नाहीं. डाग पुन्हां उमटला असेल तर त्याच्या कडेला पेन्सिलीनें रेघ मारून तारीख लिहावी. आठ दिवसांनीं डाग रेघेच्या बाहेर गेला असल्यास गळती जिवंत आहे. पंखा कशाला टांगला आहे तेंहि याच वेळीं पाहून घ्यावें. पंख्याचा भार स्लॅबच्या हुकावरच असला पाहिजे. सांगाड्याला टांगलेला पंखा हें संकट होय, त्याला उद्यांचा वायदा करूं नये. आणि छत कापण्यापूर्वीं विजेचा मुख्य खटका बंद करावा, कारण त्या पोकळींतूनच दिव्यांच्या तारा गेलेल्या असतात.

एवढें पाहून झालें कीं गुत्तेदाराकडे जावें. गुत्ता हा शब्द पुण्या-मुंबईकडील वाचकाला अपरिचित वाटेल. तिकडे मक्ता, ठेका किंवा कंत्राट म्हणतात. तेलुगूंत गुत्त आणि कानडींत गुत्तिगे आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत त्या भाषांच्या शेजारीं नांदला, त्याची ही खूण. गुत्ता घेणारा एक आणि हातानें काम करणारा दुसरा, अशी या व्यवहाराची घडण असते. छताचा मिस्त्री बहुधा रोजानें आलेला. त्याला दोन दिवसांचेच पैसे मिळालेले. तो तिसरा दिवस कोठून आणणार? म्हणून मिस्त्रीला बोल लावून उपयोग नाहीं. ज्यानें ठोक रक्कम घेतली त्याच्याशींच बोलावें, तेंहि संध्याकाळीं त्याच्या ओट्यावर चार माणसांत नव्हे, तर आपल्या घरीं, छताखालीं.

या घरच्या धन्यांनीं तसेंच केलें. "बाबा रे, भांडायला नाहीं बोलाविलें, एवढं बघ," असें म्हणून त्यांनीं बॅटरी त्याच्याच हातीं दिली आणि काठीनें तुकडा वर दाबून दाखविला. तुकडा वर गेला आणि खालीं आला. गुत्तेदार कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "पुन्हा पुट्टी मारून देतो, मामा. पैसे नका देऊ." हें फुकटचें देणें गोड वाटतें, आणि येथेंच बहुतेक लोक फसतात. पुट्टीवर पुट्टी म्हणजे पुढच्या संक्रांतीला तीच भेग. 'नीट करून द्या' असें मोघम मागणेंहि निरर्थक. कारण नीट कशाला म्हणावें यावरच दोघांचा मतभेद असतो. काय काय करावयाचें तें नांवानिशीं सांगावें : तुकडा काढावा, स्लॅब दाखवावा, चारी कडांना चॅनल द्यावा, कागदाची पट्टी आणि सांध्याचें लुकण वापरावें, तीन हात तीन दिवशीं द्यावेत, रंगापूर्वीं बोलवावें. धन्यांनीं हें वहीच्या पानावर लिहिलें, खालीं तारीख घातली, आणि दोघांच्या सह्या झाल्या. दसऱ्यापूर्वीं हेंच पान लिहिलें असतें, आणि रकमेचा शेवटचा हप्ता बॅटरीच्या झोताची परीक्षा होईपर्यंत हातीं ठेविला असता, तर पुढचें कांहीं घडलेंच नसतें. ओळखीच्या माणसाबरोबर कागद करण्यांत अविश्वास नाहीं. उलट, ओळख टिकावी म्हणूनच तो करावयाचा.

सर्वच गुत्तेदार असे ऐकणारे नसतात. जो फोन उचलीत नाहीं, किंवा 'माल तुमचाच खराब होता' असें म्हणून अंग झटकतो, त्याच्यासाठीं कायद्याची वाट आहे. महाराष्ट्रांत ही जाणीव जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यास ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली ती १९७४ सालीं, म्हणजे देशांत ग्राहकांसाठीं स्वतंत्र कायदा होण्यापूर्वीं बारा वर्षें. तो कायदा १९८६ चा. १९९३ च्या दुरुस्तीनें त्यांतील 'सेवा' या व्याख्येंत घरबांधणीचें नांव घातलें गेलें. त्याची जागा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून अमलांत आला. मोबदला घेऊन केलेल्या कामांत उणीव राहिली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. ताडकळसच्या माणसाला तो परभणीस. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तक्रार दाखल व्हावयास पाहिजे. दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असेल तर फी नाहीं, आणि वकील दिलाच पाहिजे असेंहि नाहीं. आधीं पोच मिळेल अशा टपालानें एक नोटीस पाठवावी आणि तींत दुरुस्तीला ठराविक मुदत द्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर सल्लाहि मिळतो. कागद नसला म्हणून हताश होऊं नये. फोनवरून पाठविलेल्या पैशांची नोंद, कामाआधींचीं व नंतरचीं छायाचित्रें, आणि एखाद्या अभियंत्याचा लेखी अभिप्राय, हीं सारीं पुराव्यांत धरलीं जातात. मात्र दुसऱ्या कारागिराकडून दुरुस्ती करवून घेण्याची घाई करूं नये. जुनें काम मोडलें कीं पुरावाहि मोडला. आधीं छायाचित्रें व अभिप्राय, मग हातोडा.

या घरावर ती वेळ आली नाहीं. गुढीपाडवा झाल्यावर गुत्तेदार स्वतः शिडी घेऊन आला. आजीबाईंचा पलंग ओसरीवर हलविला. तुकडा काढला तेव्हां वरचा गिलावा फुगलेला निघाला, आणि बोटानें टोकरतांच तो ओंजळभर खालीं आला. त्यामागें एक सळी तांबूस झालेली. गच्चीवर जाऊन पाहतां कोपऱ्यांतील पाण्याच्या नळाचें तोंड लिंबाच्या पाल्यानें बुजलेलें. पावसाळाभर तेथें पाणी तुंबत होतें आणि कठड्याच्या सांध्यांतून मुरत होतें. एवढ्या सगळ्या अनर्थाचें मूळ ओंजळभर पाल्यांत होतें. माळवदाच्या काळांत मृगापूर्वीं पन्हाळीं मोकळीं करण्याचा नेम होता, तो माळवदाबरोबरच सुटला होता.

खर्चाची वांटणी कशी व्हावी यावर थोडी बोलाचाली झाली. ठिगळाचें काम गुत्तेदाराचें, तें त्यानें आपल्या खर्चानें करावें, यांत वाद नव्हता. गच्चीची दुरुस्ती मात्र मूळ व्यवहारांत नव्हती. तिचे पैसे धन्यांनीं दिले, आणि हेंच रास्त होय. गुत्तेदाराचा दोष गळती होती हा नव्हे. ती त्यानें पाहिली नाहीं आणि झांकून टाकली, हा. कोपरा सिमेंटनें गोलसर भरला, नळ मोकळा करून त्यावर जाळी बसविली. मग नळाचें तोंड बंद करून त्या कोपऱ्यांत दोन दिवस पाणी साठवून ठेविलें आणि खालून पाहिलें. ओल उतरली नाहीं. सळी घासून गंजरोधक लेप दिला, गिलावा नवा केला, आणि चैत्राच्या उन्हांत पंधरा दिवस सर्व तसेंच उघडें ठेविलें. त्यानंतर चार चॅनल, तुकडा, पट्टी, आणि तीन दिवशीं तीन हात.

धन्यांनीं एक गोष्ट जास्तीची करवून घेतली. छताच्या त्याच कोपऱ्यांत दीड फूट लांबी-रुंदीची एक झडप ठेविली, चौकटींत बसणारी, हातानें उचलतां येणारी. ती थोडी दिसते, आणि मुलाला ती आवडली नाहीं. स्लॅबवर जेथें जुना डाग होता त्याच्याभोंवतीं पेन्सिलीचें कडें काढून तारीख घातली आहे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्रीं मुलानेंच शिडी लावली, झडप उचलली आणि बॅटरी आंत घातली.

"काय दिसतंय रे?" आजीबाईंनीं पलंगावरून विचारलें.

कडें होतें तेवढेंच होतें, आणि आंत कोरडें होतें.